अमिगाओएस ४ वर ग्राफिक्स ड्रायव्हरचे बेंचमार्क आकडे बिघडतात तेव्हा: सोप्या तपासणीपासून अवघड तपासणीपर्यंत

पॉवरपीसी प्रोसेसरवर चालणाऱ्या अमिगाओएस ४ या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिहिणारे आणि त्यांची चाचणी घेणारे लोक फार थोडे आहेत. त्यामुळे ड्रायव्हरची नवी आवृत्ती टाकल्यावर बेंचमार्कचे, म्हणजे वेगचाचणीचे, आकडे अचानक विचित्र येऊ लागले, तर विचारायला जवळ कोणी नसते. हा बिघाड मी निरनिराळ्या बोर्डांवर आणि कार्डांवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. दर वेळी कारण वेगळे निघाले, पण शोधाची वाट जवळजवळ तीच राहिली: आकडा नेमके काय मोजतो आहे हे आधी पक्के करायचे, मग डेटा कोणत्या मार्गाने कार्डापर्यंत पोहोचतो ते पाहायचे, आणि ड्रायव्हरच्या कोडला हात सर्वांत शेवटी लावायचा. हा क्रम उलटा केला, तर नीट चालणारा कोड बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहून त्याच्या जोडीला दुसरा येतो.

लक्षणे

खालीलपैकी कोणते लक्षण तुमच्याकडे दिसते ते आधी लिहून ठेवावे, कारण पुढच्या तपासण्यांपैकी कोणत्या तपासणीला जास्त वेळ द्यायचा हे त्यावरच ठरते.

- आकडा त्याच कार्डाच्या आधीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही खाली येतो.
- प्रतिसेकंद फ्रेमची संख्या ६०, ३०, २० किंवा १५ यांपैकी एकावर खिळून बसते, मधले आकडे येतच नाहीत.
- आकडा बसच्या (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातील डेटामार्गाच्या) क्षमतेपेक्षाही मोठा येतो, म्हणजे जे शक्यच नाही ते घडल्यासारखे दिसते.
- काहीही न बदलता दोन चाचण्यांत मोठा फरक पडतो.
- रंग चुकतात: लाल जागी निळा किंवा आकाशी दिसतो.
- चाचणी बराच वेळ नीट चालते आणि मग एकदाच, कोणतीही पूर्वसूचना न देता गोठते.

तिसऱ्या लक्षणाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, कारण मोठा आकडा सुखावतो. माझ्या मते तेच सर्वांत गंभीर लक्षण आहे. कमी आकडा निदान काहीतरी खरे सांगत असतो. अशक्य आकड्याचा अर्थ मात्र इतकाच, की चाचणी कार्डाचे काम पूर्ण होण्याची वाटच पाहत नाही.

स्क्रीनमोड आणि मागे चालणारी कामे

ही तपासणी फुकट आहे आणि काही मिनिटांत होते. जुना आणि नवा आकडा एकाच रिझोल्यूशनला, एकाच रंगखोलीला आणि एकाच रिफ्रेश दराला घेतलेला आहे का, हे पाहावे. १६ बिटपेक्षा ३२ बिट स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेलमागे दुप्पट डेटा हलतो, त्यामुळे आयताकृती भाग भरण्याच्या आणि हलवण्याच्या चाचण्यांत एवढ्या एका फरकानेही निकाल पार बदलतो. अमिगाओएस ४.१ मध्ये खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता कार्डाच्या कंपोझिटिंगमधून, म्हणजे चित्रे एकावर एक मिसळण्याच्या क्रियेतून, काढल्या जातात. ते परिणाम एका चाचणीत चालू आणि दुसऱ्या चाचणीत बंद असतील, तर तुलना करण्यात अर्थ नाही. डॉकमधील सतत पुन्हा रंगवली जाणारी घड्याळे, स्क्रीन ब्लँकर आणि नेटवर्कवरून काही उतरवून घेणारे प्रोग्राम चाचणीपूर्वी बंद करावेत.

आकडा ६०, ३०, २०, १५ असा पायऱ्यांनी बदलत असेल, तर चाचणी मॉनिटरच्या रिफ्रेशशी बांधलेली आहे. ६० हर्ट्झवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या फ्रेमला १७ लागले, की तिला पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबावे लागते आणि आकडा थेट ३० वर येतो. इथे ड्रायव्हर निम्म्याने मंदावलेला नसून तो फार तर काही टक्क्यांनी हळू झालेला असतो. रिफ्रेशची वाट पाहणे बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी, खरा फरक लगेच समोर येतो.

मेमरीत कोणता ड्रायव्हर आहे

ड्रायव्हरची फाइल बदलली म्हणजे ड्रायव्हर बदलला, असे होत नाही. चिप ड्रायव्हर, म्हणजे कार्डाची चिप हाताळणारा हा ड्रायव्हर, किकस्टार्ट मॉड्यूल (सिस्टीमच्या गाभ्याबरोबर येणारा भाग) म्हणून सिस्टीम सुरू होतानाच लोड होतो आणि कोणती फाइल लोड करायची हे किकलेआउट फाइल ठरवते. तिथे जुन्या नावाची ओळ राहिलेली असू शकते, किंवा नवी फाइल भलत्याच विभाजनावर पडलेली असू शकते. डिस्कवरील फाइलची आवृत्ती आणि प्रत्यक्ष मेमरीतल्या मॉड्यूलची आवृत्ती दोन्ही स्वतंत्रपणे पाहाव्यात, आणि मशीन केवळ रीसेट न करता पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे. डीबग नोंदी सिरियल पोर्टवर किंवा साशिमीसारख्या साधनाने पकडल्या, तर ड्रायव्हरने स्वतःची आवृत्ती आणि सापडलेले कार्ड यांविषयी काय नोंदवले तेही दिसते.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासायची असते. एखादी क्रिया कार्डाला झेपली नाही, तर ग्राफिक्स लायब्ररी ती मुकाट्याने प्रोसेसरकडून करवून घेते. पडद्यावर चित्र बरोबर येते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आकडा तेवढा कोसळतो. कंपोझिटिंगच्या फंक्शनला ‘फक्त हार्डवेअर’ असा फ्लॅग देता येतो. तो दिल्यावर फंक्शन त्रुटीचा कोड परत करू लागले, तर मंदपणाचे कारण सापडले: ही क्रिया ड्रायव्हर स्वीकारतच नाही. मग प्रश्न वेगाचा राहत नाही, तर ड्रायव्हर ही क्रिया का नाकारतो हा होतो, आणि त्याचे उत्तर बहुधा बिटमॅपच्या (मेमरीतल्या चित्राच्या) स्वरूपात किंवा मापात सापडते.

मोजमाप खरे आहे का

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ देतो आणि इतरांनीही द्यावा असे मला मनापासून वाटते, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच संपतात.

ग्राफिक्स कार्ड आदेश मिळताच काम पूर्ण करत नाही. ड्रायव्हर आदेश रांगेत टाकतो आणि लगेच परततो, कार्ड ते आपल्या सवडीने उचलते. तेव्हा हजार आयत भरण्याचे आदेश देऊन लगेच घड्याळ वाचणारी चाचणी आयत भरण्याचा वेग मोजत नाही, ती रांगेत टाकण्याचा वेग मोजते. शेवटचा आदेश दिल्यानंतर आणि घड्याळ वाचण्यापूर्वी ‘वेटब्लिट’ या फंक्शनने कार्ड मोकळे होण्याची वाट पाहिली पाहिजे. त्याबद्दल शंका असल्यास लक्ष्य बिटमॅपमधला एक पिक्सेल परत वाचावा. मागचे सर्व काम झाल्याशिवाय तो योग्य मिळू शकत नाही. वाट पाहण्याची ही पायरी घातल्यावर आकडा एकदम खाली आला, तर खाली आलेला आकडाच खरा समजावा.

दुसरी बाब घड्याळाची. टायमर डिव्हाइसच्या उभ्या रिफ्रेशवर चालणाऱ्या युनिटला दोन रिफ्रेशमधल्या काळापेक्षा बारीक काही दिसत नाही, त्यामुळे ३ मिलिसेकंदांची क्रिया त्याने मोजायला जाणे व्यर्थ आहे. ई-क्लॉक हे अधिक बारीक घड्याळ वाचावे, आणि त्याची वारंवारता कोडमध्ये लिहून न ठेवता फंक्शनने परत दिलेली वापरावी. पाल या टीव्ही प्रमाणाच्या जुन्या अमिगावर ती ७,०९,३७९ हर्ट्झ होती म्हणून नव्या बोर्डावरही तीच असेल असे गृहीत धरणारे चाचणी प्रोग्राम मी पाहिले आहेत. त्यांचे सर्व निकाल एकाच गुणकाने चुकतात, आणि एकाच मशीनवरच्या तुलनेत ते कधीच पकडले जात नाही. दोन बोर्डांची तुलना केली की गोंधळ सुरू होतो.

तिसरी बाब आकडा मांडण्याची. फ्रेमची संख्या फसवते, फ्रेमला लागणारा वेळ फसवत नाही. ६० वरून ५० वर येणे म्हणजे प्रत्येक फ्रेममागे ३.३ मिलिसेकंद वाढणे, आणि ६०० वरून ५०० वर येणे म्हणजे ०.३३ मिलिसेकंद वाढणे. टक्केवारीत दोन्ही सारखेच दिसतात, पण दुसऱ्या फरकामागे आदेश देण्याचा किरकोळ खर्च असू शकतो, तर पहिल्यामागे काहीतरी ठोस बिघडलेले असते. पहिली फेरी टाकून द्यावी, कारण तिच्यात टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) प्रथमच व्हीरॅममध्ये, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, जात असतात. उरलेल्या फेऱ्यांची सरासरी न घेता मध्यक घ्यावा. एखादीच फेरी मागच्या कामामुळे रेंगाळली, तर ती सरासरीला ओढून नेते, मध्यकाला नाही.

ए१२२२ बोर्ड वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. त्यातल्या पी१०२२ चिपचा ई५००व्ही२ गाभा (सूचना पार पाडणारा भाग) पॉवरपीसीच्या नेहमीच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश संख्यांच्या, सूचना समजत नाही. त्या सूचना वापरून संकलित केलेला चाचणी प्रोग्राम तिथे सॉफ्टवेअर अनुकरणावर चालतो. त्रिमितीय आकृत्यांच्या शिरोबिंदूंची गणिते प्रोसेसरवर करणारी चाचणी तिथे हळू आली, तर तो दोष ग्राफिक्स ड्रायव्हरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

बसचे गणित

आता कागद घेऊन हिशोब करावा. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम प्रोसेसरकडून कार्डाकडे पाठवायच्या तर सुमारे ४९८ एमबी. साध्या ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ पीसीआय बसची कमाल मर्यादाच १३३ एमबी आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत प्रत्येक लेनला (डेटाच्या समांतर वाटेला) एका दिशेने २५० एमबी मिळतात आणि दुसऱ्या पिढीत ५००. हे सैद्धांतिक आकडे आहेत, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळते. तुमचा आकडा या मर्यादेच्या जवळ असेल, तर ड्रायव्हर आपले काम चोख करतो आहे आणि सुधारणेला तिथे जागा नाही. मर्यादेच्या वर असेल, तर पुन्हा मोजमापाच्या टप्प्याकडे जावे.

लिहिणे आणि वाचणे यांचा हिशोब वेगवेगळा करावा. कार्डाकडे लिहिताना प्रोसेसर डेटा पाठवून मोकळा होतो. व्हीरॅममधून वाचताना मात्र प्रत्येक विनंतीचे उत्तर येईपर्यंत त्याला थांबावे लागते. समजा, एका फेरीला एक मायक्रोसेकंद लागतो आणि प्रोसेसर एका वेळी ४ बाइट वाचतो; मग वेग सेकंदाला अवघा ४ एमबी होतो आणि वरची ८.३ एमबीची एक फ्रेम वाचायला दोन सेकंदांहून अधिक लागतात. म्हणून पिक्सेल वाचण्याची चाचणी लिहिण्याच्या चाचणीपेक्षा कितीतरी पट मंद दिसली, तर दचकू नये. डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीशी थेट देवाणघेवाण) न वापरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये तसेच होते. डीएमए आहे असा तुमचा समज असूनही वाचण्याचा वेग असाच रखडत असेल, तर डीएमएचा मार्ग प्रत्यक्षात वापरला जात नाही असे समजून नोंदी पाहाव्यात.

बिटमॅप नेमका कुठे राहतो हेही याच टप्प्यात पाहायचे. व्हीरॅम भरली की बिटमॅप मुख्य मेमरीत हलवले जातात आणि गरज पडली की परत आणले जातात. चाचण्यांचा क्रम बदलल्यावर निकाल बदलत असेल, तर संशय प्रथम इथे घ्यावा.

कार्ड, स्लॉट आणि वीज

इथून पुढे मशीन उघडावे लागते. वीजजोडणी काढून, स्थिर विजेची काळजी घेऊन कार्ड स्लॉटमधून काढावे, संपर्कपट्टी स्वच्छ करावी आणि कार्ड पुन्हा नीट बसवावे. अर्धवट बसलेले कार्डही चित्र दाखवते, मात्र लिंक (कार्ड आणि बोर्ड यांची जोडणी) कमी लेनवर जुळते, आणि त्यामुळे हा दोष हुबेहूब ड्रायव्हरच्या दोषासारखा भासतो. त्याच मशीनवर लिनक्स चालत असेल तर एलएसपीसीआय आदेशाच्या सविस्तर नोंदीत कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष जुळलेली रुंदी व वेग शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींत फरक दिसला, तर तो बोर्डाच्या स्लॉटच्या मर्यादेमुळे आहे की वाईट जुळणीमुळे, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेतून पडताळावे.

कार्डाच्या घड्याळवेगाचा प्रश्नही इथलाच. बरीच रेडिऑन कार्डे सुरू होताना व्हिडिओ बायोसने (कार्डावर साठवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामने) ठरवलेल्या वेगावर असतात, आणि वीजव्यवस्थापनाचा कोड नसलेला ड्रायव्हर त्यांना त्याच वेगावर ठेवतो. पीसीवरच्या परीक्षणांत छापलेला आकडा तुमच्या मशीनवर मिळत नाही, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. कार्डाला वेगळी वीजजोडणी लागत असेल तर तीही घट्ट बसलेली असावी.

कॅश आणि मेमरीचे गुणधर्म

यापुढचे काम ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे आहे. पॉवरपीसीमध्ये मेमरीच्या प्रत्येक पानाला (ठरावीक आकाराच्या तुकड्याला) कॅश (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) बंद, संरक्षित (गार्डेड) वगैरे गुणधर्म जोडलेले असतात. व्हीरॅमचे पान कॅश बंद असणे योग्यच, पण त्याला संरक्षित हा गुणही लावला, तर अनेक पॉवरपीसी गाभ्यांत लहान लहान लेखने एकत्र करून पाठवली जात नाहीत आणि लिहिण्याचा वेग झटकन उतरतो. कार्डाच्या रजिस्टरांच्या (नियंत्रणाच्या खणांच्या) पानांना मात्र तो गुण हवाच. दोन्हींसाठी एकच नकाशा वापरलेला असेल, तर एकाचे नुकसान ठरलेले आहे.

सुसंगततेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. एक्स१००० आणि एक्स५००० या मशीनवर कार्ड मुख्य मेमरी वाचते तेव्हा प्रोसेसरच्या कॅशमधला ताजा डेटाही हार्डवेअर लक्षात घेते. सॅम४६०ईएक्स बोर्डावरचा ४४० गाभ्याचा प्रोसेसर तसे करत नाही. तिथे आदेशांचा बफर कार्डाला देण्यापूर्वी त्याच्या कॅशओळी स्वतः बाहेर ढकलाव्या लागतात, आणि कार्डाने लिहिलेले वाचण्यापूर्वी जुन्या ओळी रद्द कराव्या लागतात. एका बोर्डावर निर्दोष चालणारा ड्रायव्हर दुसऱ्यावर अधूनमधून गोठतो, त्यामागे हेच कारण मला पुन्हा पुन्हा सापडले आहे. त्याचप्रमाणे बफर भरणे आणि ‘काम आले आहे’ असे सांगणारे रजिस्टर लिहिणे यांच्या मध्ये आधीची लेखने पूर्ण करवणारी ‘सिंक’ सूचना असलीच पाहिजे, मग बोर्ड कोणताही असो.

बाइटक्रम

प्रोसेसर मोठा बाइट आधी ठेवतो आणि कार्ड लहान बाइट आधी वाचते, त्यामुळे कुठेतरी उलटापालट करावीच लागते. ती एखाद्या जागी राहिली की काय होते, हे रंगांवरून ओळखता येते. अपारदर्शक लाल पिक्सेलचे बाइट क्रमाने अल्फा (पारदर्शकता), लाल, हिरवा, निळा असे धरले, तर पूर्ण उलटल्यावर हिरवा आणि निळा भरलेले उरतात आणि पडद्यावर आकाशी रंग येतो. लाल जागी आकाशी दिसला तर बाइटक्रम चुकला आहे. लाल जागी शुद्ध निळा दिसला तर बाइटक्रम बरोबर असून रंगवाहिन्यांचा क्रम चुकला आहे. पांढऱ्या रंगाने चाचणी कधीच घेऊ नये, कारण त्याचे चारही बाइट सारखे असल्याने उलटले काय आणि न उलटले काय, तो तसाच दिसतो.

रंगांत न दिसणारी चूक अधिक त्रासदायक असते. कार्ड काम संपवल्यावर मेमरीत एक क्रमांक लिहिते आणि ड्रायव्हर तो क्रमांक अपेक्षित क्रमांकाएवढा किंवा मोठा होण्याची वाट पाहतो. कार्डाने लिहिलेला १ ड्रायव्हरने न उलटता वाचला, तर तो १,६७,७७,२१६ दिसतो. मग चिन्हविरहित तुलना करणाऱ्या ड्रायव्हरच्या दृष्टीने पुढचे सर्व काम आधीच झालेले असते, वाट पाहणे तत्क्षणी संपते आणि बेंचमार्क अशक्य आकडे देतो. हाच दोष पुढे गोठण्यालाही कारण होतो. क्रमांक ६५,५३६ वर पोहोचला की उलट वाचल्यावर तो २५६ दिसतो. ड्रायव्हर नेमका त्याच क्रमांकाची वाट पाहत थांबला असेल आणि पुढचे काम रांगेत नसेल, तर ती वाट कधीच संपत नाही. सेकंदाला ६० क्रमांक धरले, तर ही वेळ सुमारे १८ मिनिटांनी येते. अशक्य आकडे आणि ठरावीक काळानंतरचे गोठणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर मी इतर कशाकडेही न पाहता थेट हा क्रमांक वाचणारी ओळ शोधतो. तिथे बाइट उलटून वाचणारी सूचना वापरली, की दोन्ही दोष एकदम जातात.

कुठे थांबावे

ड्रायव्हर लोड होण्यापूर्वीच, म्हणजे फर्मवेअरच्या पडद्यावरच, रेघा, ठिपके किंवा तुटलेली अक्षरे दिसत असतील, तर कोडचा संबंध नाही. कार्डाची मेमरी किंवा चिप बिघडलेली आहे. जळका वास, थांबलेला पंखा किंवा फुगलेला कपॅसिटर दिसल्यास मशीन त्याच क्षणी बंद करावे आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. दुसरे कार्ड लावूनही त्या स्लॉटची लिंक अरुंदच जुळत असेल, तर काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचे आहे. चिप भट्टीत तापवण्याचे उपाय सुचवले जातात, ते करू नयेत, कारण या बोर्डांना बदली बोर्ड सहज मिळत नाही. कार्डाचा बायोस लिहिण्याचा विचार असेल, तर बाहेरून प्रोग्रामरने जुना बायोस परत लिहिता येईल अशी सोय आणि तो हाताळणारी अनुभवी व्यक्ती जवळ असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सॉफ्टवेअरच्या बाजूलाही अशी सीमा आहे. क्रॅशची नोंद ड्रायव्हरच्या बाहेर, कर्नलच्या मेमरीव्यवस्थापनात जात असेल आणि ड्रायव्हर बदलूनही तीच राहत असेल, तर तो दोष तुम्ही बाहेरून दुरुस्त करू शकत नाही, कारण त्या भागाचा स्रोत तुमच्याजवळ नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या विकसकांकडे सोपवावा. सोबत बोर्ड आणि फर्मवेअरची आवृत्ती, कार्डाचा पीसीआय ओळखक्रमांक, मेमरीतील ड्रायव्हरची आवृत्ती, स्क्रीनमोड, पूर्ण डीबग नोंद आणि दोष हमखास घडवणारा शक्य तितका लहान प्रोग्राम द्यावा. आकडे पाठवायचे तर प्रत्येक फेरीचा फ्रेमवेळ पाठवावा, केवळ सरासरी नव्हे.